टिपणातला ‘अलिप्त’ हा शब्द

तान्ह्या बाळाला कसले आले मानसिक आरोग्य, हा प्रश्न मुंबईतल्या शिकल्यासवरल्या घरांतही विचारला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगात त्याचे उत्तर सापडते. बाळाशी लाडाने बोलणाऱ्या आईने एकाएकी चेहरा निर्विकार ठेवला, तर काही महिन्यांचे बाळ हसून, हातपाय हलवून तिला बोलते करू पाहते आणि ते साधले नाही की तोंड फिरवते. म्हणूनच तान्ह्या बाळांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या प्रशिक्षणात एकटे बाळ किंवा एकटी आई नव्हे, तर दोघांमधली देवाणघेवाण पाहायला शिकवतात.

या शिक्षणाचा पाया म्हणजे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले शिशुनिरीक्षण. विद्यार्थी एखाद्या सर्वसाधारण कुटुंबात, बाळाच्या जन्मापासून साधारण दोन वर्षे, आठवड्यातून तासभर जातो. तिथे वही काढायची नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि नंतर आठवेल ते बारकाव्यांसह लिहून छोट्या गटापुढे वाचायचे.

समजा, लालबागच्या चाळीतल्या मोरीत मालिशवाली बाई पाय पसरून बसली आहे, तिच्या पायांवर पालथे घातलेले बाळ डोक्यावर पाणी पडताच टाहो फोडते, आजी ‘झालं हं, झालं’ म्हणते आणि आई पंचा धरून मागे उभी आहे. नवखा विद्यार्थी लिहितो, ‘आई अलिप्त होती.’ गटात लगेच विचारणा होते: तिची नजर कुठे होती, ती पुढे झाली तेव्हा तिला कोणी थांबवले का, बाळ तिच्या कुशीत गेल्यावर किती वेळाने शांत झाले? ‘अलिप्त’ हा निष्कर्ष झाला, आणि सासूपुढे मोरीत शिरायची सोय नसलेल्या बाळंतिणीला तो अन्यायकारकही ठरू शकतो. (आपल्याकडे चहा घेऊन गप्प बसणारा पाहुणाही संशयास्पदच, त्यामुळे निरीक्षकाला थोडेफार बोलावे लागणारच.)

मात्र या संयमाला मर्यादा आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरा प्रश्नावलीतला दहावा आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे; त्याला होकार मिळाला, तर नुसते पाहत बसणे चालत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे तातडीने पाठवावे लागते. आईला रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास, भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल आईपासून एरवी वेगळे करता येत नाही. मुलाला धोका असल्याचे तज्ज्ञांचे मत असेल तरच, तेही तात्पुरते.