दुसऱ्याच्याच घराचं दार वाजवणारा मुलगा

१८२४ साल, लंडन. नुकताच बारा वर्षांचा झालेला एक मुलगा रोज थेम्सच्या काठावरच्या एका मोडकळीला आलेल्या, उंदरांनी भरलेल्या इमारतीत कामाला जायचा. काम काय, तर बुटाच्या काळ्या पॉलिशच्या बरण्यांवर आधी तेलकट कागद लावायचा, त्यावर निळा कागद, मग दोऱ्याने बांधायचं, कडा नीट कापायच्या आणि लेबल चिकटवायचं, दिवसभर तेच. वडील कर्ज फेडता आलं नाही म्हणून मार्शलसी तुरुंगात, आई आणि धाकटी भावंडंही तिथेच राहायला गेलेली.

एक दिवस कामावर असताना त्याच्या कुशीत जोराची कळ आली. बरोबर काम करणाऱ्या बॉब फॅगिन नावाच्या मुलाने पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरलं आणि अर्धा दिवस एक थंड झाली की दुसरी असं करत त्याची कूस शेकली. संध्याकाळी बरं वाटलं तरी बॉब त्याला एकटं सोडेना, घरापर्यंत येतोच म्हणाला. आता तुरुंगाचं कसं सांगणार? शेवटी सदर्क पुलाजवळच्या एका अनोळखी घराच्या पायरीवर त्याने बॉबशी हात मिळवला, हेच माझं घर असं दाखवलं, आणि बॉबने मागे वळून बघितलंच तर खरं वाटावं म्हणून दार वाजवलं. एका बाईने दार उघडलं तर तिला विचारलं, मिस्टर रॉबर्ट फॅगिन इथेच राहतात का?

हा मुलगा म्हणजे चार्ल्स डिकन्स.

त्याच्या लहानपणाबद्दल बोलताना सगळे कारखाना आणि तुरुंग सांगतात, दुःख भोगलं म्हणून मोठा लेखक झाला म्हणतात. मला हे कधीच पटलं नाही, कारण तेव्हा लंडनमध्ये हजारो मुलं राबत होती, बॉब फॅगिन तर अनाथच होता, ती सगळी काही लेखक झाली नाहीत. मला ते दार वाजवणं महत्त्वाचं वाटतं. बॉब काय बघेल, त्याला काय वाटेल, याचा विचार करून बारा वर्षांच्या मुलाने उभ्या उभ्या एक प्रसंग रचला, तेही आजारी अंगाने. ही कला कुठून येते?

लहान मुलांच्या आठवणींवर जे संशोधन झालंय त्यात याचं बरंचसं उत्तर सापडतं. अमेरिकेतल्या कॅथरीन नेल्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये एमिली नावाच्या मुलीवरचा अभ्यास पुस्तकरूपात आणला. एमिली २१ महिन्यांची असल्यापासून तीन वर्षांची होईपर्यंत रात्री तिच्या पाळण्याजवळ टेपरेकॉर्डर ठेवायचे, आणि आईबाबा खोलीतून गेले की ती पोरगी एकटीच अंधारात स्वतःशी बोलत राहायची. आणि बोलायची काय तर उद्या उठल्यावर आधी काय करणार, मग काय, न्यायला कोण येणार. त्याच काळात तिला भाऊ झाला होता, म्हणजे घरातली केवढी मोठी घटना, पण सुरुवातीच्या बोलण्यात मुख्यतः रोजच्याच साध्या गोष्टी होत्या. म्हणजे गोष्ट रचायला मोठी घटना लागतच नाही, "आधी हे, मग ते, कारण असं" ही जुळणी लागते, आणि ती मूल लिहा-वाचायला शिकायच्या कितीतरी आधी करायला लागतं.

ही जुळणी मुलं शिकतात घरातल्या माणसांकडून. भाचीला जत्रेतून आणल्यावर दुसऱ्या दिवशी "काल कुठे गेलो होतो?" विचारलं तर ती "जत्रेत" म्हणते आणि खेळायला पळते. तेच "अगं तो फुगेवाला होता ना, त्याच्या हातून लाल फुगा सुटला, मग तो कुठे गेला गं?" असं विचारलं की ती थांबते, डोळे वर करते, आणि तो वायरीत अडकला इथपासून फुगेवाल्याला राग आला होता इथपर्यंत सगळं सांगत सुटते. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात यावर भरपूर काम झालंय. तिथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या माणसांना पहिली आठवण विचारली, तर माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी लोकांची सरासरी साधारण पावणेतीन वर्षांच्या वयाची निघाली आणि युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनच्या आसपास. माओरी समाजात पूर्वजांच्या, घराण्याच्या गोष्टी सांगायची परंपरा फार जिवंत आहे, त्याचा हा परिणाम असावा असं संशोधकांचं म्हणणं.

सांगितल्या नाहीत तर आठवणी विरतात. पॅट्रिशिया बाउअर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या २०१३ च्या अभ्यासात मुलांना तिसऱ्या वर्षी घडलेल्या गोष्टी पुढे वेगवेगळ्या वयात विचारल्या, तर पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांच्या वर आठवत होत्या, आठ-नऊच्या मुलांना चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी. सातव्या वर्षानंतर जे हरवतं ते किती मौल्यवान असतं.

डिकन्सकडे सांगायची सवय कारखान्याच्या आधीपासून होती. त्याआधी काही वर्षं इंग्लंडमधल्याच चॅटम गावात राहताना वरच्या छोट्या खोलीत वडिलांची थोडी पुस्तकं पडलेली असायची, ती तो एकटा बसून वाचायचा. पुढे कारखान्यात काम करता करता त्याने तेच जुनं वाचलेलं बरोबरच्यांना सांगून त्यांची करमणूक करायचा प्रयत्न केला, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे संकट आलं तेव्हा ते मांडायची रीत त्याच्याकडे आधीच होती, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

आपल्याकडे साने गुरुजींचं बघा. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहिला. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, श्याम रोज रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि मित्र ऐकतात. कोणीतरी ऐकायला बसलंय हे त्या लिखाणात पहिल्यापासून आहे.

मेंदूत काय होतं तेही सांगायला हवं. भीती, लाज, अपमान अशा वेळी ॲड्रेनालिनसारखी रसायनं वाढतात आणि मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग त्या क्षणाची आठवण पक्की करायला मदत करतो. वासाची वाट तर या भागापर्यंत फारच थेट जाते, म्हणून वासाने लहानपण पटकन जागं होतं. डिकन्सने लिहिलंय की मोठेपणीही कितीतरी वर्षं तो स्ट्रँड रस्त्यावर पॉलिशच्या दुकानाजवळ आला की पलीकडच्या बाजूने जायचा, बाटल्यांच्या बुचांना लावायच्या लुकणाचा वास नको म्हणून.

हे सगळं त्याने हयातभर लोकांपासून लपवलं, फक्त जॉन फॉर्स्टर या मित्राला लिहून दिलं, आणि त्याने ते डिकन्स गेल्यावर छापलं. पण कादंबऱ्यांत ते आधीच आलेलं होतं. 'डेव्हिड कॉपरफिल्ड'मधला मुलगा दहा वर्षांचा आहे, पॉलिशच्या बरण्यांच्या जागी दारूच्या बाटल्या आहेत. आणि ज्या बॉबने अर्धा दिवस कूस शेकली, त्याचं आडनाव त्याने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या मुलांना चोऱ्या करायला लावणाऱ्या माणसाला दिलं, हे मला आजही वाचताना टोचतं. त्या कारखान्यावरून घरी जायच्या जुन्या रस्त्याबद्दल तो लिहितो, की माझा थोरला मुलगा बोलायला लागला तरी त्या रस्त्याने गेलो की मला रडू यायचं.