बंद दुकानात जास्त चिखल का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर लोकांनी शटर उघडली, तर आत घोटाभर, कुठे त्याहून जास्त लाल चिखल. अनेकांना एकच प्रश्न पडला होता. रस्त्यावरून एवढी नदी वाहिली, मग चिखल बंद दुकानातच कसा साचला?

नदी कोपली, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. कोणी ढगफुटी म्हणाले. हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, आणि प्रत्येक मुसळधार पावसाला तेच नाव देणं चूकच आहे. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटमाथ्यावर असं पाणी कोसळलं की उतारावरची माती सुटते आणि पाण्याबरोबर खाली येते. यात कोपाचा संबंध नाही.

ही माती खाली कधी बसते, ते कणाच्या आकारावर ठरतं. स्थिर पाण्यात कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी. हा स्टोक्सचा नियम. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तीन तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळपास तेरा दिवस!

रस्त्यावर पाणी वाहतं आणि त्यातले भोवरे बारीक कणांना पुन्हा पुन्हा वर उचलतात. बंद दुकानात पाणी शिरतं आणि थांबतं. कित्येक तास थांबलं, की मधल्या आकाराचे कण तळाला बसणारच.

पण मग चिकणमाती? ती तेरा दिवस तरंगायला हवी होती. इथे मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट घडते. चिकणमातीचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. कोकणच्या जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात. आम्लधर्मी पाण्यात त्यांच्यावर धन भार येतो आणि ती या कणांना जोडतात. कुजलेला पालापाचोळा आणि जिवाणूंचा चिकट स्राव त्यात भर घालतो. गढूळ पाण्यात कण वारंवार आदळतात, चिकटतात, गुठळ्या होतात. गुठळी मोठी म्हणून ती एकट्या कणापेक्षा कितीतरी वेगाने बुडते. दाभोळच्या खाडीकडे खारं पाणी लागलं की हेच काम मीठ करतं. त्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, मातीच्या कणांमधलं प्रतिकर्षण झाकून टाकतात आणि गाळ तिथेच बसू लागतो. अशाने पात्र उथळ होत गेलं, की पुढच्या पुराला जागा कमी उरते. त्यामुळे वाशिष्ठीतला गाळ काढा, ही चिपळूणकरांची मागणी मला शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण रास्त वाटते.

आता पुन्हा दुकानातल्या चिखलाकडे. पूर ओसरल्यावर पहिलं काम म्हणजे चिखल ओला असतानाच फावड्याने ओढून बाहेर काढणं. वाळताना कणांमधलं उरलेलं पाणी त्या चपट्या कणांना जवळ खेचतं, थर घट्ट होतो आणि लाकडाला, लाद्यांच्या सांध्यांना धरून बसतो. मग तो पाण्याने निघत नाही, खरवडावा लागतो.