ब्लॅक सॅबथ : ॲस्टनच्या चौघांनी सांगितलेला इतिहास

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचे मूळ चारही कलाकार वीस वर्षांनी एकत्र आले. पार्किन्सन्समुळे गायक ऑझी ऑझ्बर्न बसूनच गायला. २२ जुलैला तो गेला. तेव्हापासून या बँडच्या सुरुवातीच्या कहाण्या पुन्हा सांगितल्या जात आहेत आणि एकच प्रसंग दोन-तीन तऱ्हांनी वाचायला मिळतो आहे. याचं कारण साधं आहे. हा इतिहास आधी बोलला गेला, कागदावर आला तो बऱ्याच उशिरा.

१९६८ मध्ये कामगारवस्तीतल्या चार पोरांची दखल घेऊन कोण काय लिहून ठेवणार होतं? १९७० मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्ज या समीक्षकाने त्याला पार झोडपून काढलं. रेकॉर्ड धडाधड खपत होत्या, पण ही माणसं कोण, कुठून आली, हे विचारायची गरज फार थोड्यांना वाटली. ते पुढे त्यांनीच सांगितलं : मुलाखतींतून, आणि ऑझी (२००९), गिटारवादक टोनी आयोमी (२०११) व बेसवादक गीझर बटलर (२०२३) यांच्या आत्मचरित्रांतून. ड्रमर बिल वॉर्डची बाजू मात्र मुख्यतः मुलाखतींतूनच शोधावी लागते.

चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. ऑझीचे वडील टूलमेकर, रात्रपाळी करणारे. आई ‘लुकास’ कारखान्यात दिवसा. ऑझीने स्वतः तिथे मोटारींचे हॉर्न तपासायचं काम केलं, मग कत्तलखान्यात. घरफोडीपायी तो काही आठवडे विन्सन ग्रीनच्या तुरुंगातही होता. गीझर आयरिश कॅथलिक घरातला, हिशेबनिसाची नोकरी धरलेला.

या साऱ्या कहाणीत मला सर्वात मोलाचा वाटतो तो आयोमीच्या हाताचा प्रसंग. सतरा वर्षांचा टोनी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. युरोपच्या दौऱ्यावर निघालेल्या एका बँडमध्ये जागा मिळाली होती आणि कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं. हातातलं काम पुरं करून ये, असं म्हणून आईने धाडलं. पत्र्याच्या प्रेस यंत्रावरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्याला तिथे उभं केलं. प्रेस उजव्या हातावर आली आणि हात ओढून घेताना मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. गिटार विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्याच्या मॅनेजरने मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत दोन बोटं अधू झाल्यावरही हा माणूस असं वाजवत होता, हे मॅनेजरला टोनीला दाखवायचं होतं.

मग टोनीने भांडी घासायच्या ‘फेअरी’ लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं, घासूनपुसून ते बोटाला बसवलं आणि तार घसरू नये म्हणून जुन्या जॅकेटचं चामडं वर चिकटवलं. टोपणं झाली, पण बोटांना तारेचा स्पर्श कळेना. जाड तारा दाबवेनात, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरच खाली आणला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत तो तब्बल दीड स्वर खाली आहे. हेवी मेटलचा जो जड, खोल नाद आज जगभर ओळखला जातो, त्याच्या मुळाशी ही खटपट आहे.

कारखान्यांतल्या घणांचा ठोका बँडच्या संगीतात उतरला, असंही नेहमी सांगितलं जातं. ते खरं असेलही. त्या वस्तीत वाढलेल्या माणसाच्या कानातून तो आवाज जाईल कसा? पण दोन्हींत मी हाताच्या गोष्टीवर जास्त भिस्त ठेवीन. तिथे कारण आणि परिणाम बोट ठेवून दाखवता येतात.

बँड जुळला तोही गमतीने. ऑझीने वाद्यांच्या दुकानात ‘गायकाला काम हवं’ अशी चिठ्ठी लावली होती. टोनी त्याला शाळेपासून ओळखायचा, आणि आपल्याला ठाऊक असलेल्या ऑझीला तर गाता येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं! १९६८ च्या अखेरीस टोनी काही आठवडे ‘जेथ्रो टल’ या बँडमध्ये गेला आणि त्यांची शिस्त पाहून परतला. सकाळी नऊला तालीम, हा नियम तिथून आला.

सांगण्यातला फरक पडतो तो बँडच्या नावापाशी. तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफ या नटाचा ‘ब्लॅक सॅबथ’ याच नावाचा भयपट लागला होता. लोक घाबरण्यासाठी पैसे मोजतात, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, याचं श्रेय सांगणाऱ्यागणिक बदलतं. याच नावाच्या गाण्यामागे गीझरने रात्री पलंगाशी पाहिलेली काळी आकृती होती. त्यातले ते भयाण सूर मात्र तो होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं ‘मार्स’ वाजवत होता, त्यातून सुचले.

पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. पाऊस आणि घंटेचे आवाज मागाहून घातले. आतल्या कव्हरवरचा उलटा क्रूस कंपनीने परस्पर छापला. सैतानपूजेचा शिक्का त्याने आणखी पक्का झाला. चौघांच्या गळ्यातले क्रूस मात्र ऑझीच्या वडिलांनी आपल्या कारखान्यात बनवून दिले होते.

२०१२ मध्ये करारावरून बिल वॉर्ड बाहेर राहिला आणि २०१७ चा निरोपाचा कार्यक्रम त्याच्याविना झाला. म्हणूनच व्हिला पार्कवर तो ड्रमवर बसला याचं मोल फार मोठं. जॅझ ऐकत वाढलेल्या या माणसाच्या हातामुळे ती जड गाणी डुलतात. बर्मिंगहॅमच्या ‘होम ऑफ मेटल’ प्रकल्पाने चाहत्यांच्या आठवणी आणि जपून ठेवलेल्या वस्तू गोळा करून २०१९ मध्ये शहराच्या संग्रहालयात ब्लॅक सॅबथचं प्रदर्शन भरवलं. त्याच चिकाटीने वॉर्डला आता सविस्तर बोलतं करायला हवं. पहिल्या वर्षांच्या तालमींत ड्रममागून काय दिसत होतं, ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.