ब्लँक स्पेस (गीत)

ब्लँक स्पेस : अमेरिकन गायिका व गीतकार टेलर स्विफ्ट हिचे इंग्रजी पॉप गीत. तिच्या पाचव्या अल्बममधले हे गाणे १० नोव्हेंबर २०१४ रोजी सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून वेगळे काढलेले गाणे म्हणून, निघाले. अल्बमचे नाव ‘१९८९’; ते तिचे जन्मवर्ष. मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक हे स्वीडिश संगीतकार तिचे सहलेखक. आपल्या प्रेमप्रकरणांची जी जाहीर चर्चा वर्षानुवर्षे चालली होती, तिला गायिकेने या गाण्यातून जवाब दिला आणि तो सोंग घेऊन दिला. सोंग म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यात तमाशाच्या कनातीत बसलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून गाण्याचा विचार येथे त्या बाजूनेही केला आहे.

स्विफ्टचा पहिला अल्बम २००६ साली आला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सुरुवातीपासून तिने स्वतःच्या अनुभवांवर गाणी लिहिली. त्यामुळे प्रत्येक गाणे ‘कोणावर’ आहे, याचा शोध घेण्याची चटक लागली. चाहत्यांचे हे कुतूहल पुढे मासिके आणि टीव्हीवाल्यांच्या हाती गेले. तिच्या जुन्या मित्रांच्या याद्या फोटोंसह छापून येऊ लागल्या, पुरस्कार सोहळ्यांत तिच्यावर विनोद होऊ लागले. एकामागून एक प्रियकर बदलणारी, कोणालाच टिकवू न शकणारी, मग रडणारी आणि शेवटी सूड म्हणून गाणे लिहिणारी मुलगी, अशी तिची प्रतिमा ठरून गेली. (त्या याद्यांतली नावे या नोंदीत दिलेली नाहीत. गाणे समजायला त्यांची गरज पडत नाही.) पुरुष गायक आपल्या जुन्या प्रेयसींवर गाणी करतात तेव्हा त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, हे तिने २०१४ मध्ये एका ऑस्ट्रेलियन रेडिओ मुलाखतीत स्पष्ट बोलून दाखवले. तिचे म्हणणे खरे होते आणि आजही खरे आहे.

अशा बदनामीला दोन सरळ उत्तरे असतात : ‘मी तशी नाही’ असे म्हणणे किंवा गप्प बसणे. स्विफ्टने तिसरेच केले. तिने नंतर सांगितल्याप्रमाणे, माध्यमांनी रंगवलेली ती बाई तिला एक पात्र म्हणून मोठी मजेशीर वाटली. ही बाई खरोखर असती तर तिने कसले गाणे म्हटले असते, या विचारातून गाणे जन्मले. नायिका समोरच्या पुरुषाला आधीच बजावते की आपली जुन्या प्रियकरांची यादी लांबलचक आहे, ते तिला वेडी म्हणतील, पण तिच्याजवळ अजून एक कोरी जागा आहे आणि तिथे ती त्याचे नाव लिहील. प्रश्नपत्रिकेतल्या ‘रिकाम्या जागा भरा’सारखा हा प्रकार आहे. एरवी ही जागा वार्ताहर भरत होते, इथे पेन तिने आपल्या हातात घेतले. तसे पेन गाण्यात खरेच ऐकू येते : ध्रुपदाच्या अखेरीला, नाव लिहिण्याच्या ओळीआधी, बॉलपेनची कळ दाबल्याचा ‘टक्’ असा आवाज आहे. चाल अगदी मोजक्या वाद्यांची, तालावर चालणारी. गळा कुठेही ताणलेला नाही, आणि त्या थंडपणामुळेच पात्र अंगावर येते.

जोसेफ कान याने दिग्दर्शित केलेला व्हिडिओ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ओहेका कॅसल या वाड्यात चित्रित झाला. त्यात प्रियकराच्या भूमिकेत शॉन ओप्राय हा मॉडेल आहे. प्रेम जुळते, संशय येतो, मग चित्रे फाडणे, कपडे कापणे, मोटारीवर गोल्फची काठी चालवणे आणि काजळ गालांवर ओघळेपर्यंत रडणे. शेवटी दुसऱ्याच तरुणाची गाडी दारात येते. माध्यमांनी वर्णन केलेला एकही दुर्गुण तिने सोडलेला नाही.

बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि सात आठवडे तिथे राहिले. त्याने खाली ढकलले ते तिच्याच आधीच्या गाण्याला. स्वतःच्या गाण्याची जागा स्वतःच्याच गाण्याने घेणारी ती त्या यादीच्या इतिहासातली पहिली स्त्री ठरली. मात्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी गाण्याला कबुलीजबाब समजले, हे तिने स्वतः नमूद केले आहे.

सोंगाची ही जोखीम जुनी आहे. उत्तर पेशवाईतला शाहीर राम जोशी हा सोलापूरचा. शास्त्र्यांच्या घरातला मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले, तो पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला आणि पुढे पुन्हा लावणीकडेच आला, असे त्याचे चरित्र सांगितले जाते. गावाने त्याच्याबद्दलही पुष्कळ बोलून घेतले असणार. पण तो पुरुष होता आणि त्याची लेखणी त्याच्यापाशी होती. परंपरेतल्या शृंगारिक लावण्यांत बोलणारी बहुधा स्त्री असते, लिहिणारा बहुतेक वेळा पुरुष. ‘मी’ म्हणून ते शब्द बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, म्हणायचे बाईने. लावणीतली नटखट, मागणे मागणारी, रुसणारी नायिका आणि ती उभी करणारी कलावंतीण यांत फरक आहे, हे ढोलकी थांबली की विसरले जाते. बोल शाहिराचे असतात आणि बोल लागतो तो बाईला.

सोलापूर जिल्ह्यातल्याच मोडनिंबच्या कला केंद्रांत (लावणीच्या थिएटरांत) नाचणाऱ्या किंवा अकलूजच्या लावणी स्पर्धेत शिट्ट्या-टाळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हे नवे नाही. रंगमंचावर वाहवा करणारा प्रेक्षकच बाहेर त्यांच्या चारित्र्यावर बोलतो. स्विफ्टला मिळालेले आणि त्यांना न मिळालेले म्हणजे मुख्यतः शब्दांवरचा हक्क. आपल्याबद्दल बाहेर जे बोलले जाते तेच घेऊन त्याची लावणी स्वतः रचावी, स्वतः म्हणावी आणि कमाईही आपल्याकडे यावी, अशी संधी संगीतबारीतल्या (गाणे आणि नाच एवढाच तमाशा करणाऱ्या स्त्रियांच्या संचातल्या) कलावंतिणीला क्वचितच मिळाली. तरी सोंगाचे तंत्र दोन्हीकडे एकच आहे. ढोलकीच्या फडातही, म्हणजे गण-गौळण-वग असा पूर्ण तमाशा करणाऱ्या संचातही, कसलेली नर्तकी समोरच्या शौकिनाच्या मनातली बाई ओळखून नेमकी तीच त्याच्यापुढे उभी करते, आणि ते करताना डोळ्यांत जे किंचित हसू ठेवते, ते पाहणाऱ्याला दिसते किंवा दिसत नाही.

गाण्यांवरच्या मालकीचा प्रश्न स्विफ्टलाही चुकला नाही. तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क २०१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध विकले गेले. त्यावर तिने जुने अल्बम नव्याने गाऊन काढायला घेतले. ‘१९८९’ची अशी आवृत्ती २७ ऑक्टोबर २०२३ रोजी, मूळ अल्बमला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी आली. तीत हे गाणे चौतिशीला टेकलेल्या स्त्रीच्या आवाजात आहे.