सुपरपॉवर हा शब्द आला कुठून, आणि ब्रिटन त्यातून बाहेर कसं पडलं

महासत्ता म्हटलं की आज अमेरिका आणि पाठोपाठ चीन, बस. पण सुपरपॉवर हा शब्द या अर्थाने ज्या पुस्तकामुळे रुळला त्यात, १९४४ साली, नावं तीन होती, अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि चक्क ब्रिटन. लेखक विल्यम फॉक्स, अमेरिकन प्राध्यापक. त्याचं म्हणणं, नुसती ताकद असून भागत नाही, ती जगात कुठेही नेऊन वापरता आली पाहिजे. आणि हिंदुस्थान अजून हातात असलेल्या ब्रिटनला तेव्हा वगळणार तरी कोण.

त्याआधी चलती होती ग्रेट पॉवर, म्हणजे बड्या राष्ट्रांची. नेपोलियन पडल्यावर व्हिएन्नात १८१४-१५ मधे ऑस्ट्रिया, ब्रिटन, प्रशिया आणि रशिया बसले आणि मोठे निर्णय आपणच घ्यायचे असं त्यांनी ठरवूनच टाकलं, हरलेल्या फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ भलताच पोचलेला म्हणून तोही आत घुसला, स्पेन-पोर्तुगाल बसले बाहेर. यूएनच्या (संयुक्त राष्ट्रसंघाच्या) सिक्युरिटी कौन्सिलमधला पाच जणांचा व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव अडवायचा अधिकार, हा मला तरी त्याच बैठकीचा वारस वाटतो.

ब्रिटनचं पितळ उघडं पडलं ते १९५६ मधे. जुलैत इजिप्तचा अध्यक्ष नासेरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, मग ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप प्लॅन शिजवला, आधी इस्रायलने हल्ला करायचा आणि मग या दोघांनी भांडण सोडवायला आल्यासारखं करून कालवा ताब्यात घ्यायचा. लष्करी बाजूने सगळं नीट चाललं होतं, पोर्ट सैदला सैन्य उतरलंसुद्धा. पण अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवर भडकला, ऐन निवडणुकीत याची कटकट कशाला, आणि त्याने बंदुकीला हातही न लावता पौंडाची कोंडी केली. पौंड घसरत होता, ब्रिटनला आयएमएफकडून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून) पैसे हवे होते, आणि अमेरिकेचं म्हणणं एकच, आधी युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या, मग बोलू. तिकडून मॉस्को रॉकेटची धमकी देत होतं ते वेगळंच. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी, डिसेंबरात सैन्य परत, जानेवारीत पंतप्रधान ईडनचा राजीनामा. ब्रिटनकडे व्हेटो होता (याच प्रकरणात त्यांनी तो पहिल्यांदा वापरला), अणुबाँब १९५२ पासून होता, तरी दोस्तानेच पैशाची नस दाबल्यावर काही चाललं नाही.

हे असं दुसऱ्याला मुठीत ठेवणं आपल्याला काही नवीन नाही म्हणा. १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, वर दुसऱ्या कुणाशी बोलणी किंवा लढाई इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाही. पेशवाई नावाला शाबूत, कारभार रेसिडेंटच्या, म्हणजे इंग्रजांच्या दरबारातल्या प्रतिनिधीच्या, धाकात.

सुएझनंतर सुपरपॉवर दोनच उरल्या, आणि हा शब्द शिवीसारखाही वापरला जायला लागला. १९७४ मधे चीनचा नेता डेंग झियाओपिंगने यूएनमधे सांगितलं की चीन सुपरपॉवर नाही, कधी होणारही नाही, आणि झालाच आणि दादागिरी करायला लागला तर जगाने त्याला उघडं पाडावं, विरोध करावा, चिनी लोकांसोबत मिळून उलथून टाकावं. आता ते भाषण काढून वाचायला मजा येते. सोव्हिएत युनियन फुटल्यावर तर सुपरपॉवर शब्दही तोकडा पडला, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हेद्रीन यांनी नव्वदीच्या शेवटी अमेरिकेला हायपरपॉवर म्हणायला सुरुवात केली, कौतुकाने अर्थातच नाही.

आपल्याकडे बड्या राष्ट्रालाही महासत्ता आणि सुपरपॉवरलाही महासत्ता, त्यामुळे वाद कशावर चाललाय तेच कळत नाही. अब्दुल कलामांच्या २०२० च्या व्हिजनचंही तेच झालं. त्यांचा भर होता भारत विकसित राष्ट्र होण्यावर, म्हणजे शेती, आरोग्य, शिक्षण, वीज वगैरे, आणि लोकांच्या डोक्यात बसलं ते २०२० ला भारत महासत्ता.