जॉर्ज हॅरिसनच्या बागेची ट्रिप: निघायच्या आधी एवढं वाचून घ्या

आमच्याकडे वॉटफर्डजवळच्या हरे कृष्ण मंदिराची ट्रिप बुक केलेल्यांसाठी हे पत्रक आहे. फोनवर बरेच जण विचारतात की आम्हाला राधाकृष्णाचं दर्शन घ्यायचंय, मधेच हा बीटल्सवाला (जॉर्ज हॅरिसन, 'बीटल्स' या जगप्रसिद्ध इंग्लिश बँडमधला गिटारवाला) कुठून आला, आणि मुलं-नातवंडं बरोब्बर उलटं विचारतात, बीटल्सच्या माणसाची बाग मंदिरात कशी काय? दोघांनाही व्हॅनमध्ये बसल्यावर सांगायला लागलो की अर्धा रस्ता त्यातच जातो आणि मागच्या सीटवर काही ऐकू जात नाही, म्हणून यावेळी लिहूनच देतोय.

तर हे मंदिर म्हणजे भक्तिवेदान्त मॅनर. लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशायरमध्ये, अल्डनम गावाच्या हद्दीत. आधी याचं नाव पिगट्स मॅनर होतं, १८८४ मध्ये बांधलेला जुन्या ट्यूडर पद्धतीचा दिसणारा वाडा, मध्यंतरी तिथे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या नर्सेसचं ट्रेनिंग चालायचं. १९७३ मध्ये जॉर्जने तो विकत घेतला आणि इस्कॉनला, म्हणजे हरे कृष्ण भक्तांच्या संस्थेला, देऊन टाकला. तोपर्यंत लंडनचं मंदिर ब्रिटिश म्युझियमजवळ बरी प्लेस नावाच्या रस्त्यावर छोट्याशा जागेत होतं, भक्त वाढले आणि जागा पुरेना. त्याच वर्षी इथे राधा-गोकुलानंदांची स्थापना झाली. इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद इंग्लंडला आले की इथेच उतरायचे, त्यांची खोली अजून जपून ठेवलीये, ती चुकवू नका.

जॉर्जच्या नावाची बाग मात्र बरीच नंतरची, २०१३ ची. तो २९ नोव्हेंबर २००१ ला गेला, वय ५८ फक्त. त्याची भक्ती आणि त्याचं बागेचं वेड या दोन्हींची आठवण म्हणून ही बाग केलीये, आणि म्हणूनच इथे गिटारचे पुतळे, बीटल्सचे मग आणि टीशर्ट असलं काही शोधत फिरू नका, त्यासाठी बीटल्सचं गाव लिव्हरपूल आहे. मोठ्या गटाबरोबर येणारी तरुण पोरं कधीकधी दहा मिनिटात सेल्फी काढून बाहेर येतात आणि म्हणतात एवढंच? हो, एवढंच. बाग आहे ती, प्रदर्शन नाही.

आता माणसाबद्दल, कारण ते माहीत नसेल तर ही बाग नुसती झाडं वाटेल.

लिव्हरपूलचा, १९४३ चा जन्म, वडील बसमध्ये कंडक्टर, घर कॅथलिक. १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात त्याने सतार वाजवली, तेव्हा ती नीट येतही नव्हती, मग १९६६ मध्ये पंडित रविशंकरांची भेट झाली आणि त्याच वर्षी तो शिकायला थेट मुंबईला आला. ताजमध्ये उतरला होता, बातमी फुटली, हॉटेलखाली गर्दी जमली, शेवटी गुरु-शिष्य काश्मीरला गेले आणि श्रीनगरच्या हाउसबोटीत रियाज सुरू झाला. रविशंकरांनी त्याला अध्यात्माची पुस्तकंही वाचायला दिली, म्हणजे सतार आणि साधना दोन्ही एकाच दारातून आत आली असं म्हणायला हरकत नाही. जानेवारी १९६८ मध्ये तो परत मुंबईत आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं, वाजवणाऱ्यांमध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते (दोघंही तेव्हा ऐन तिशीच्या आत-बाहेर!). लगेच फेब्रुवारीत चौघे बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात.

पुढचं वर्ष, १९६९. लंडनमध्ये नुकत्याच आलेल्या हरे कृष्ण भक्तांना घेऊन जॉर्जने महामंत्राची रेकॉर्ड काढली आणि ती चक्क ब्रिटनच्या टॉप २० मध्ये गेली, म्हणजे पॉप गाणी वाजणाऱ्या रेडिओवर हरे कृष्ण हरे राम. १९७० चं त्याचं ते 'माय स्वीट लॉर्ड' तुम्ही ऐकलं असेलच, आजी-आजोबांनी परत एकदा कान देऊन ऐका, मागच्या कोरसमध्ये आधी हल्लेलुया (ख्रिस्ती लोकांचा देवाच्या स्तुतीचा शब्द) आहे, मग हरे कृष्ण येतं, आणि त्यातच आपलं गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णूही आहे. ट्रिपच्या आदल्या दिवशी ऐकून या, व्हॅनमध्ये आम्ही लावतो पण गप्पांमध्ये कोण ऐकतंय.

हे सगळं झालं देवाचं. मातीचं काय?

१९७० मध्ये त्याने थेम्स नदीकाठच्या हेन्ली गावात फ्रायर पार्क नावाचं घर घेतलं. घर म्हणजे काय, शिखरं-कमानींचा प्रचंड वाडा. सर फ्रँक क्रिस्प नावाच्या वकिलाने तो उभा केला होता, हा गृहस्थ पेशाने वकील पण सूक्ष्मदर्शक आणि बाग या दोन गोष्टींनी झपाटलेला, त्याने बागेत तळी केली, जमिनीखाली गुहा केल्या आणि आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रतिकृती दगडांनी रचून तिच्यावर पहाडी झाडं लावली. तो १९१९ मध्ये वारला, पुढे तिथे नन्सची शाळा होती, आणि जॉर्जने घेतलं तेव्हा सगळं रान माजलं होतं, घर पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. या माणसाने तेच रान साफ करायला घेतलं. स्वतःच्या दोन्ही मोठ्या भावांना कामाला बोलावलं, माळी ठेवले, आणि स्वतःही हातात खुरपं घेऊन उतरला. तिशीसुद्धा झाली नव्हती, जगातला सगळ्यात प्रसिद्ध बँड नुकताच फुटलेला, आणि हा तण काढतोय.

त्याच्या मुलाने, धनीने, सांगितलंय की लहानपणी त्याला वाटायचं आपले वडील माळीच आहेत. (धनी हे नाव सारेगमपधनी मधल्या ध आणि नी वरून, हे सांगितलं की आपले लोक फार खूश होतात.) वडील रात्री उशिरापर्यंत बागेत असायचे, चांदण्यात डोळे बारीक करून झाडांच्या सावल्या बघायचे, कारण अंधारात तण दिसत नाही, राहिलेल्या चुका दिसत नाहीत. ज्यांच्या घरी बाग आहे, निदान गॅलरीत चार कुंड्या आहेत, त्यांना हे लगेच कळेल, दिवसा बागेत गेलं की बाग दिसतच नाही, काय काय करायचं राहिलंय तेच दिसतं. १९८० मध्ये त्याचं आत्मचरित्र निघालं ते त्याने अर्पण केलंय जगभरच्या बागकाम करणाऱ्यांना, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना नाही.

आम्हाला विचाराल तर त्याच्या जपात आणि निंदणीत फार फरक नसावा. दोन्ही रोज करायला लागतात, दोन्ही संपत नाहीत, आणि दोन्हीकडे कोणी टाळ्या वाजवायला उभं नसतं. ज्या माणसाने विशीतच इतक्या टाळ्या ऐकल्या त्याला बहुतेक हेच हवं होतं. हे आमचं मत, तुम्ही बागेत फिरून तुमचं ठरवा.

आता नेहमीचे प्रश्न.

फ्रायर पार्क दाखवणार का? नाही. ते खासगी घर आहे, बाहेरून गेटचे फोटो काढायलासुद्धा आम्ही थांबत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये एक जण तिथे घुसला आणि त्याने जॉर्जवर चाकूने वार केले होते, त्यामुळे त्या घराच्या माणसांना गेटपाशी गर्दी नको असेल तर ते समजण्यासारखं आहे.

टीव्हीवर बघितलेली चेल्सीची बाग हीच का? ही नाही. ती २००८ ची, लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया आणि डिझायनर इव्हॉन इनेस यांनी केली होती, त्याच्या आयुष्याचे चार टप्पे दाखवणारी, लिव्हरपूलचं बालपण, १९६० च्या दशकातले भडक रंग, मग फ्रायर पार्क, शेवटी अध्यात्म. पण त्या शोमधल्या बागा काही दिवसांच्याच असतात, शो संपला की सगळं काढून घेतात. त्यामुळे ती आता शोधून सापडायची नाही. मॅनरची बाग जमिनीतली आहे, दरवर्षी वाढणारी.

आणि एक झाड होतं अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, २००४ ला त्याच्या नावाने पाइन लावला होता. २०१४ मध्ये तो मेला, कशाने, तर कीटकांनी, त्यात बीटल म्हणजे भुंगेरे! सगळ्या जगाच्या पेपरात छापून आलं, जॉर्जलाही हसू आलं असतं, त्याचा विनोद तसलाच होता. पुढच्या वर्षी दुसरं झाड लावलं. आम्ही हे मुद्दाम सांगतो कारण आईवडिलांच्या नावाने झाड लावायचंय, कसं करू, असं बरेच ग्राहक विचारतात, तर एवढंच लक्षात ठेवा, झाड लावून पाटी ठोकली की काम संपत नाही, पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार आणि कीड कोण बघणार ते आधी ठरवा, नाहीतर पाटी राहते आणि झाड जातं.

कधी यावं? एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य इकडच्या रानात निळे ब्लूबेल फुलतात, जूनमध्ये गुलाब, आणि रात्री नऊपर्यंत उजेड, म्हणजे घाई नाही. ऑक्टोबरअखेर पानांचा रंग बघण्यासारखा. डिसेंबरमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि अंधार पडायला लागतो, तेव्हा दर्शनाला जरूर या पण बागेसाठी म्हणून येऊ नका, पैसे वाया गेल्यासारखं वाटेल आणि ते आम्हाला ऐकून घ्यावं लागेल. जन्माष्टमीला हजारो लोक येतात, उत्सव सुंदर असतो पण त्या दिवशी बागेत निवांत बसायचं विसरा, म्हणून आम्ही त्या आठवड्यात बागेची ट्रिप ठेवत नाही.

व्हॅन एम१ मोटरवेवरून जाते, मंदिराच्या स्वतःच्या रस्त्याने. या रस्त्यालाही इतिहास आहे बरं का, आधी सगळी वाहनं शेजारच्या लेचमोर हीथ गावातून जायची, गावकऱ्यांना त्रास व्हायला लागला, प्रकरण इतकं पेटलं की लोकांना दर्शनाला येऊ द्यायचं का नाही यावरच वर्षानुवर्षं वाद चालला, भक्तांनी मोर्चे काढले, शेवटी १९९६ मध्ये वेगळ्या रस्त्याला परवानगी मिळाली आणि मंदिर उघडं राहिलं.

चपला मंदिराच्या इमारतीत काढायच्या, बागेत नाही, थंडीत मोजे दोन जोड ठेवा कारण गवत ओलं असतं. दुपारी काही वेळ देवासमोर पडदा असतो, तो वेळ आम्ही बागेसाठी आणि गोशाळेसाठी ठेवतो, इथे बैल अजून कामाला जुंपतात, नातवंडांना ते बागेपेक्षा जास्त आवडतं हे खरं. गुडघ्याचा त्रास असेल किंवा व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी सांगितलं की आमची पळापळ होते.

फुलं तोडू नका. पूजेला दोनच घेते म्हणून आमच्या एक ग्राहक काकू पुढे झाल्या होत्या, म्हणून लिहितोय, इथली फुलं देवालाच जातात, तुम्ही वेगळी द्यायची गरज नाही. बी, कंद किंवा फांदी पिशवीत घालून भारतात नेऊ नका, झाडांसाठी आणि बियाण्यांसाठी आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो नसेल तर विमानतळावर काढून घेतात. माती तर अजिबातच नको. फोटो काढा, नाव लिहून घ्या, तीच जात भारतातल्या नर्सरीत मिळते का ते घरी गेल्यावर बघा.