तळं कधी बंद झालं?

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनशेजारी एक कागद चिकटतो. प्रत्येकाने आपलं नाव लिहायचं आणि पुढे दोन तारखा: मेंडोटा तळं गोठणार कधी आणि मोकळं होणार कधी. डॉलर-डॉलर लावायचा, ज्याची तारीख सगळ्यात जवळची, त्याला सगळी रक्कम. अमेरिकेच्या मिडवेस्टात, विस्कॉन्सिनची राजधानी असलेल्या मॅडिसनमध्ये या जुगाराला कोणी नावं ठेवत नाही.

मॅडिसन दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. एका बाजूला मेंडोटा, दुसऱ्या बाजूला मोनोना, मध्ये विधिमंडळाचा पांढरा घुमट. मेंडोटा यातलं थोरलं: साधारण 40 चौरस किलोमीटर पसरलेलं आणि सगळ्यात खोल जागी 25 मीटर. एवढं तळं ‘गोठलं’ असं म्हणायचं तरी कधी? काठाला बर्फ धरतो तेव्हा मध्ये पाणी उघडंच असतं. रात्रीत साय धरते आणि दुपारी वारा सुटला की मोडते. यावर इथे एक जुना नियम आहे. विद्यापीठाजवळ पिकनिक पॉइंट नावाचं जमिनीचं टोक तळ्यात घुसलंय आणि पलीकडच्या काठावर मेपल ब्लफ आहे. एकाकडून दुसऱ्याकडे होडी वल्हवत नेता येते का? येत असेल तर तळं उघडं, नाहीतर बंद. नियम गावठी वाटतो, पण 1850च्या दशकापासूनच्या तारखा यामुळे एका ओळीत ठेवता येतात. शहराची अधिकृत तापमापी मध्यंतरी विद्यापीठाच्या टेकडीवरून विमानतळावर गेली. तळं मात्र हललेलं नाही.

त्या वहीतली दोन टोकं ऐका. 1880-81च्या हिवाळ्यात तळं 161 दिवस बंद होतं आणि 2001-02मध्ये फक्त 21 दिवस.

तळं गोठायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर पाण्याच्या एका विचित्र खोडीत आहे. बहुतेक पदार्थ गार होत जातात तसे जड होत जातात. पाणी 4 अंश सेल्सिअसपर्यंत तसंच वागतं आणि मग उलटं फिरतं: 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड, त्याहून गार पाणी हलकं. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन तळाशी बसतं आणि खालचं ऊबदार पाणी वर येतं. ही ढवळाढवळ सगळं तळं 4 अंशांवर येईपर्यंत चालते. उन्हाळाभर साठवलेली उष्णता अशी हप्त्याहप्त्याने हवेत जाते. त्यानंतर मात्र वरचा थर आणखी गार झाला तरी बुडत नाही, वरच तरंगतो. मग एक निरभ्र, वारा पडलेली रात्र पुरते. त्याआधीचे काही दिवस पाण्यावरून वाफेचे लोट उठत असतात, चुलीवर आधण ठेवावं तसे. एका सकाळी ती वाफ दिसत नाही. तेव्हा खुशाल समजावं, झाकण बसलं.

सुरुवातीचा बर्फ काचेसारखा असतो; खालचं शेवाळ दिसतं, अडकलेले बुडबुडे दिसतात. हा बर्फ भराभर वाढतो आणि मग मंदावतो, कारण तो स्वतःच पाण्यावरचं पांघरूण होतो. खालची उष्णता त्याच्यातून वर जाईल तेव्हाच पुढचा थर धरणार. म्हणून थंडी तशीच राहिली तरी जाडी दुप्पट व्हायला सुमारे चौपट वेळ लागतो. त्यावर हिम पडलं की गोधडी आणखी जाड. (मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि तळ्यावर धरणाऱ्यालाही बर्फच. इथे आल्यावर ही काटकसर फार अडते. मराठी घरांमधून सर्रास ‘स्नो पडला’ असंच म्हणतात.) जाडी चार इंच झाली की लोक त्यावर चालायला लागतात. मग तंबू उभे राहतात, गिरमिटाने भोकं पाडली जातात आणि माणसं उलट्या बादलीवर बसून तासन्‌तास गळ टाकतात. थंडीच्या रात्री काठावर उभं राहिलं तर तळं बोलतं. बर्फ आकसतो, तडकतो आणि तो आवाज बर्फाच्या पत्र्यातून लांबवर पळत येतो. त्यातले उंच स्वर आधी पोहोचतात, खालचे मागून. कानाला ते सिनेमातल्या लेझर बंदुकीसारखं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाच पावलं मागे सरलो होतो.

माझे वडील आले होते तेव्हा जानेवारीतल्या एका सकाळी खिडकीत उभं राहून म्हणाले, “आज चांगलं ऊन पडलंय, जरा पाय मोकळे करून येतो.” बाहेर उणे 22 होतं. इथल्या हिवाळ्यात लख्ख ऊन हे बहुधा वाईट लक्षण. उत्तरेकडून आलेली कोरडी, जड हवा बसली की आकाश निवळतं आणि रात्री जमिनीची उष्णता थेट अवकाशात निघून जाते. ताजं हिम दिवसाचं बहुतेक ऊन परतवून लावतं, त्यामुळे सूर्य दिसतो पण लागत नाही. ढग आले की थंडी कमी. वडिलांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण निफाडचे द्राक्षबागायतदारही कोणत्या रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या ते आकाश बघूनच ठरवतात. तत्त्व एकच, फक्त निफाडला बातमी होते ती पारा 5 अंशांखाली गेल्यावर.

मॅडिसनचा अक्षांश 43 अंश उत्तर. फ्रान्सचं मार्सेय बंदर जवळपास त्याच रेषेवर आहे आणि तिथे जानेवारीत लोक समुद्रकाठी फिरायला जातात. मॅडिसनचं जानेवारीचं सरासरी तापमान मात्र उणे 7च्या आसपास. मार्सेयला समुद्राची ऊब आहे. मॅडिसन खंडाच्या पोटात आहे आणि त्याच्या उत्तरेला ध्रुवापर्यंत आडवा डोंगर नाही. आपल्याकडे सैबेरियाची हवा हिमालय अडवतो. इथे ती थेट घरात येते आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट हवाही तशीच, न विचारता. दोन्हीकडची दारं उघडी असलेल्या घरात राहायचं तर वर्षात काहीही होऊ शकतं. 30 जानेवारी 1951ला मॅडिसनमध्ये उणे 38 अंशांची नोंद झाली, तर 14 जुलै 1936ला जवळपास 42ची. एकाच गावात 80 अंशांचा फरक!

2019च्या जानेवारीअखेरीस ध्रुवीय भोवऱ्याचा एक लचका सुटून मिडवेस्टावर आला. ध्रुवाभोवती उंचावर फिरणारं गार वाऱ्याचं हे कडं एरवी आपल्या जागी असतं. ते विस्कटलं की त्याचे तुकडे खाली घसरतात. पारा उणे 30च्या आसपास गेला. टपालखात्याने आसपासच्या अनेक राज्यांत वाटप बंद ठेवलं. रस्त्यावरचं मीठ निकामी झालं, कारण उणे 9-10च्या खाली साधं मीठ बर्फ वितळवेनासं होतं. मग वाळू टाकतात. राज्यातल्या काही भागांत तर चीज कारखान्यांतलं उरलेलं खारं पाणी रस्त्यावर शिंपडतात. विस्कॉन्सिनला शोभतं ते! अर्थात टाकलेलं मीठ कुठे जात नाही. वसंतात ते तळ्यात उतरतं आणि तिथेच साठत राहतं.

वसंताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो इथे आठवडाभर असतो. तेवढ्यात बर्फ मात्र बघून घ्यावा. तो नुसता पातळ होत नाही, आतून उभा चिरतो. मेणबत्त्यांसारखे त्याचे लांब दांडे सुटे होतात आणि वाऱ्याने काठावर ढकलले गेले की काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसे वाजतात.

जूनमध्ये बोलणं चक्रीवादळांवर येतं, म्हणजे टोर्नेडोवर. आपल्या किनाऱ्यावरच्या वादळाशी याचं नात्यापुरतंही साम्य नाही. हा काही मिनिटं टिकणारा, चिंचोळ्या वाटेने जाणारा पिळवटलेला वारा. 8 जून 1984ला मध्यरात्रीनंतर मॅडिसनच्या पश्चिमेला असलेलं बार्नेवेल्ड हे छोटं गाव अशाच एका टोर्नेडोने उद्ध्वस्त केलं आणि 9 माणसं गेली. घर बघायला आलेली माणसं तळघर कसं आहे हे आधी विचारतात, ते उगाच नाही.

जुलैतला उकाडा मात्र मला कोकणातला वाटतो आणि त्याला समुद्राइतकंच मक्याचं शेत कारणीभूत आहे. मका मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून सोडतो. भर हंगामात एक एकर मका दिवसाला 11 ते 15 हजार लिटर पाणी हवेत टाकतो, म्हणजे एकरामागे रोज एक टँकर. आणि इथे मका क्षितिजापर्यंत असतो. हवेतली वाफ वाढली की रात्र गार होत नाही, घाम सुकत नाही. वर्नर सुओमी या मॅडिसनच्या शास्त्रज्ञाने आपल्या पीएचडीसाठी मक्याच्या शेताचाच जमाखर्च मांडला होता: उन्हाची किती उष्णता आत आली, किती बाहेर गेली. मग हाच हिशोब पृथ्वीचा का मांडू नये, असा प्रश्न पुढे आला. 1959मध्ये एक्सप्लोरर 7 या उपग्रहावर त्यांनी बनवलेलं उपकरण गेलं आणि पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च अवकाशातून मोजला जाऊ लागला. मक्याच्या बांधावरून थेट कक्षेत. मला ही उडी फार आवडते.

हीच वाफ 20 ऑगस्ट 2018ला शहरावर कोसळली. पश्चिमेकडच्या उपनगरांत एका दिवसात 25 सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडला. मॅडिसनचा वर्षाचा पाऊस, हिमाचं पाणी धरून, 95 सेंटिमीटरच्या आसपास. त्यातला चौथा हिस्सा एका संध्याकाळी. खरी कसोटी पाऊस थांबल्यावर लागली. मेंडोटाचं पाणी टेनी पार्कच्या दारांतून निघून यहारा नदीने, शहराच्या मधोमध, मोनोनात जातं. दारं उघडावीत तर शहर बुडणार, बंद ठेवावीत तर मेंडोटाचा काठ. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की पुण्यात भिडे पुलावर काय होतं हे पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की पुण्यात पाणी दोन दिवसांत ओसरतं. इथे खालची तळी जवळजवळ एका पातळीत आहेत, उतार नावापुरता, आणि नदीत पाणवनस्पती माजलेल्या; पाणी पुढे सरकावं म्हणून त्या कापणाऱ्या होड्या चालवाव्या लागतात. वाळूच्या गोण्या कित्येक आठवडे रस्त्याकडेला होत्या. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. 1950पासून विस्कॉन्सिन दीडेक अंशाहून थोडं जास्त तापलंय आणि त्याचा पाऊसही वाढलाय.

आता पुन्हा त्या कागदाकडे. 2023-24चा हिवाळा. डिसेंबर गेला, नाताळ गेला, तळं उघडंच. ते बंद झालं 15 जानेवारीला. एल निनोचं वर्ष होतं. त्याच्याच सावटाखाली 2023चा ऑगस्ट भारतात 1901पासूनचा सगळ्यात कोरडा गेला होता. पण एल निनो येतो आणि जातो. तळ्याच्या वहीत सुरुवातीच्या दशकांत बंद दिवसांची सरासरी चार महिन्यांच्या आसपास दिसते आणि अलीकडे ती तीन महिन्यांच्या आत आलीय. मधूनमधून कडक हिवाळे अजूनही येतात, पण 161च्या आसपास जाणारा आकडा आता वहीत सापडत नाही.

8 फेब्रुवारीला संध्याकाळी फोन किंचाळले. मॅडिसनच्या दक्षिणेला, इव्हान्सव्हिलच्या बाजूला टोर्नेडो उतरला होता. विस्कॉन्सिनच्या नोंदींत फेब्रुवारीतला टोर्नेडो त्याआधी एकही नाही. आणि त्या क्षणी, नियमाप्रमाणे, मेंडोटा बंद होतं: खाली बर्फाचं झाकण, वर जूनमधलं आकाश. राज्याचा तो नोंदींतला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला.

ऑफिसातल्या कागदावर जुन्या मंडळींनी मोकळं होण्याची तारीख नेहमीप्रमाणे मार्चअखेर नाहीतर एप्रिल लिहिली होती. आमच्याकडे नुकताच रुजू झालेला नागपूरचा एक मुलगा होता. त्याने 29 फेब्रुवारी लिहिली होती. का, विचारलं तर म्हणाला, “फेब्रुवारी संपला की उन्हाळाच ना? आणि चार वर्षांनी येणारी तारीख आहे, वाया का घालवायची?” सगळे पोटभर हसले होते.

तळं 28 फेब्रुवारीला उघडलं. 44 दिवस. रक्कम त्याला मिळाली, त्यात त्याने सगळ्यांना डोनट आणले. तीस वर्षं इथेच काढलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने डोनट घेतला, कागदाजवळ जाऊन स्वतःची 6 एप्रिल ही तारीख बघितली आणि खिडकीतून बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला.